नदीचं चित्रपुस्तक आणि दुसरीचा वर्ग: तुम्ही काय काय करून घेता? (कोल्हापूर आणि आसपासचे शिक्षक, पालक, सगळ्यांनी लिहा)

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात एक चित्रपुस्तक नीट, सावकाश घ्यायचं ठरवलंय. एक मुलगी डोंगरातल्या झऱ्यापासून निघते आणि ओढा, नदी, धरण, पूल असं करत पाण्याच्या मागं मागं पार समुद्रापर्यंत जाते, एवढीच गोष्ट. मजकूर पानाला एखाद-दुसरी ओळ, बाकी सगळं चित्रात. पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नदीवरचं कुठलंही चांगलं चित्रपुस्तक घेतलं तरी प्रश्न हेच येणार आहेत.

आपल्याकडं असं पुस्तक वर्गात आलं की काय होतं बघा, एकदा भराभर वाचून दाखवायचं, मग फळ्यावर पाच प्रश्न, नदी कुठून निघाली, मुलीनं काय पाहिलं, या गोष्टीतून काय बोध घ्याल, आणि शेवटी 'आता नदीचं चित्र काढा' म्हटलं की सगळ्या वह्यांत दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य आणि खाली निळी नदी. ज्या चित्रकारानं जीव ओतून ती पानं काढलीत त्यांच्याकडं कुणी परत वळून बघत नाही. मला असे उपक्रम हवेत जे पोरांना पुस्तकाकडं परत परत नेतील, आणि पुस्तकातून उठवून आपल्या नदीकडं नेतील. नुसते वेळ घालवणारे नकोत.

माझ्या वर्गात सुरुवात कशी होते ते सांगते. पहिल्या दिवशी मी शब्द वाचतच नाही. पोरं गोलात, पुस्तक मधे, एकेक जोडपान उघडायचं आणि गप्प बसायचं, खरंच गप्प. मग विचारायचं, 'काय दिसतंय?' कुणी काही सांगितलं की, 'कशावरून म्हणतोस?' बास, एवढ्या दोन प्रश्नांवर तास जातो. गेल्या वर्षी पुलाच्या पानावर एक पोरगं गुडघ्यावर पुढं सरकलं आणि पानावर बोट ठेवून म्हणालं, "बाई, हितं पूर येऊन गेलाय." मजकुरात पुराचं नाव नाही, चित्रातलं पाणी खाली शांत. कशावरून रे, तर म्हणतंय, "झाडाला वर चिंध्या लटकल्यात की." आणि खरंच काठावरच्या झाडांच्या वरच्या फांद्यांना चित्रकारानं बारीक बारीक रंगीत रेघा ओढल्यात, प्लास्टिकच्या आणि कापडाच्या. पुलाच्या कठड्यापेक्षा उंच. मोठ्या माणसांची नजर आधी शब्दावर जाते म्हणून तिथं पोचत नाही, पण आपल्या नदीकाठची पोरं पाणी ओसरल्यावर असलीच झाडं बघत शाळेला येतात. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की चित्र वाचणं हाच पहिला उपक्रम आणि बाकी सगळं त्याच्यातून निघायला पाहिजे.

तर आता तुम्ही सांगा.

अंगणवाडी_ताई

लई भारी विषय काढलासा ताई. मी लहान पोरांच्यात असतो म्हणून माझं आवाजाचं सांगतो. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना पोरांनी पाण्याचा आवाज द्यायचा. झऱ्याच्या पानाला एका बोटानं तळहातावर टिकटिक, ओढ्याला दोन बोटं, मग तीन, मग चार, मोठ्या नदीला पूर्ण टाळ्या आणि धरणाच्या पानाला एकदम सगळं बंद. ते बंद होणं पोरांना लई आवडतं. आणि गंमत म्हणजे कुठल्या पानाला किती बोटं हे त्यांनीच ठरवायचं, त्यासाठी चित्रात पाणी किती आहे हे बघावंच लागतंय. आमच्यात एकदा यावरनंच भांडण झालं, एक म्हणाली हे दोन बोटांचं पाणी, दुसरा म्हणाला तीन, आणि दोघं पुस्तकात डोकं घालून दगड किती बुडलेत ते मोजत बसली.

डब्यात तांदूळ, नारळाच्या करवंट्या, जुना पत्रा, काहीही चालतंय. विकत काही आणायला लागत न्हाई.

खडूफळा

वाचून बरं वाटलं, पण थोडं परखड लिहितो, राग मानू नका. एक, पुस्तक एकच असतं आणि वर्गात पोरं तीस-पस्तीस, मागच्या रांगेला काय दिसणार. दोन, केंद्रप्रमुख आले की विचारतात निपुणचं (पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं) काय झालं, किती मुलं वाचायला लागली, बेरीज-वजाबाकी कुठवर आली. तिथं 'आम्ही चित्राकडं बघत बसलो होतो' हे सांगून चालत नाही. मी बावीस वर्षांपेक्षा जास्त या खात्यात काढलीत, चांगल्या कल्पना येतात आणि जातात, तासिका तेवढ्याच राहतात. तेव्हा जे करायचं ते वाचन-लेखन-गणिताला धरून कसं करता येईल ते बोला.

दोन_शिक्षकी

खडूफळा सर, तुमचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. मी शाहूवाडी तालुक्यात आहे, पहिली ते चौथी मिळून आम्ही दोघंच, म्हणजे माझ्यासमोर दोन इयत्ता एकाच खोलीत. तिथं सगळ्यांना एकदम दाखवायचा नाद मी सोडून दिला. आठ-आठ जणांचा गट पुस्तकाभोवती, बाकीचे पाटीवर किंवा अंगणात आपापल्या कामाला. आणि चौथीची दोन पोरं पहिलीच्या गटाला पुस्तक दाखवतात, मी त्यांना दोनच नियम दिलेत, पान भराभर उलटायचं नाही आणि उत्तर आपण सांगायचं नाही. मोठी पोरं हे काम इतक्या जबाबदारीनं करतात की बघत राहावं.

दुसरं, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासून चालू आहे, तिथं मराठीतली भरपूर चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात आणि परवाना खुला असल्यामुळं छापून वर्गात वापरायला अडचण नाही. पाण्यावरची, पावसावरची पुस्तकं सापडतात. चार पानांच्या मोठ्या झेरॉक्स भिंतीला लावल्या की मागच्या रांगेचा प्रश्न मिटतो. रंगीत छपाई परवडली नाही तर निदान एक पान रंगीत काढा, बाकी काळीपांढरी चालतील.

पंचगंगाकाठ

सर, राग कसला, तुम्ही विचारलंत ते बरंच झालं. निपुण भारत २०२१ ला आलं तेव्हाच त्यात स्पष्ट आहे की तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे. समजून. 'कशावरून म्हणतोस' हा प्रश्न म्हणजे दुसरं काय आहे? जे पोरगं चित्रातल्या चिंध्यांवरून पूर ओळखतं त्याला उद्या उतारा वाचून कारण शोधायला वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त आज त्याला अक्षरं जड जातात म्हणून आपण त्याला 'मागे' म्हणतो. हे तेच पोरगं होतं बरं का, जोडाक्षराला अडणारं.

लेखनासाठी मी चिठ्ठ्या वापरते. जुन्या कागदाचे बोटभर तुकडे, प्रत्येक पोरानं एका पानातल्या कुणाच्याही तोंडचं एक वाक्य लिहायचं आणि त्या पानावर ठेवायचं (चिकटवायचं नाही, पुस्तक खराब होतं). बहुतेक पोरं मुलीच्या तोंडी लिहितात. एकीनं पुलावरच्या म्हशीच्या तोंडी लिहिलं होतं, "मला खाली जायचं हाय, वर लई गरम हुतंय." ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगायचं आणि मी लिहायचं, त्याच्याच शब्दांत, शुद्ध न करता, मग त्यानं ते बोटानं वाचून दाखवायचं. स्वतःचं वाक्य पोरं पहिल्या झटक्यात वाचतात.

मातीचे_रंग

मी चित्रकला शिक्षक, हायस्कूलला आहे पण पाचवीच्या पोरांना घेतो तेव्हा अगदी हेच दिसतं, नदी म्हटलं की निळा खडू. ताई, तुमच्या पुस्तकात नदीचा रंग पानापानाला बदलतो का बघा. चांगल्या चित्रकाराचा बदलतोच. पोरांना तेवढंच काम द्या, प्रत्येक पानातलं पाणी कुठल्या रंगाचं आहे ते शोधायचं. कुठं हिरवं, कुठं राखाडी, कुठं आभाळाचा पांढरा तुकडा, कुठं पार चहासारखं. मग विचारा, आपली पंचगंगा जुलैमध्ये कुठल्या रंगाची असते. तांबडी! पश्चिमेकडच्या डोंगरातली जांभ्याची माती घेऊन येते म्हणून. आणि आता पावसाळा सरल्यावर काय रंग आहे ते जाता-येता पुलावरून बघून यायला सांगा.

मग रंग विकत न आणता करा. पोरांना घरून मूठमूठ माती आणायला सांगायची, पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी, नदीकाठची काळी, गणपतीची उरलेली शाडू, जुन्या भिंतीची पिवळसर. माती वाळवून दगडानं बारीक करायची आणि सुती फडक्यातनं चाळायची, दोनदा चाळली तर उत्तम कारण खडा राहिला की कागद फाटतो. बाभळीचा डिंक आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायचा, सकाळी तो मधासारखा होतो, तो गाळून मातीत थोडा थोडा घालून बोटानं घोटायचं. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर चित्राला भेगा पडतात, हे पोरांना करूनच कळू द्यावं. ब्रशऐवजी दातण किंवा काडीला गुंडाळलेली चिंधी. या रंगांत निळा येतच नाही! त्यामुळं नदी काढायची तर विचार करावा लागतो. एका पोरीनं पाणी काढायला कागद तसाच कोरा सोडला आणि दोन्ही काठ काळ्या मातीनं भरले, इतकी सुंदर नदी मी मोठ्यांच्या प्रदर्शनातपण क्वचित बघितलीय.

आपल्या गावाला याचा वारसा आहे हे पोरांना जरूर सांगा. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तळ्याच्या काठावर बसून पाणी आणि उजेड किती वेळा रंगवला असेल. जमलं तर त्यांच्या एखाद्या निसर्गचित्राचा फोटो पुस्तकातल्या पानाशेजारी ठेवा आणि परत तेच, काय दिसतंय.

बरगे_आणि_पाणी

मी शिक्षक नाही, शेतकरी आहे, पोरगी तिसरीला आहे. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पुस्तकात धरण आहे म्हणालात. पण आपल्या पोरांना धरणाच्या आधी बंधारा दाखवा की! आख्ख्या महाराष्ट्रात ज्याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात तो आपल्या नावाचा आहे आणि आपल्याच पोरांना तो कसा चालतो म्हाईत नसतं.

शाळेच्या मागं जिथं नळाचं पाणी वाहून जातंय तिथं करता येतो. हातभर लांबीचा चर काढायचा. त्याच्यात आडव्या रांगेत विटांचे तुकडे उभे करायचे, मधे तीन-चार बोटं जागा सोडून, हे झाले खांब. आता प्रत्येक गाळ्यात आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक आडव्या बसवायच्या, एक रांग पुढं, एक रांग मागं, आणि दोन रांगांच्या मधे चिकण माती ठासून भरायची. ह्या काड्या म्हणजे बरगे. खऱ्या बंधाऱ्यालापण तसंच असतं, पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढून ठेवायचे म्हणजे पुराचं पाणी अडत नाही. पोरांना आधी नुसत्या काड्या लावू द्या, पाणी फटीतनं सुटणार, मग कुणीतरी आपणहून म्हणणार की मधे माती भरूया. तेवढं थांबायचं, आपण सांगायचं न्हाई. आणि शेवटी वरनं बादलीभर पाणी एकदम सोडायचं, 'जून आला' म्हणून, आणि बघायचं की बरगे न काढता काय होतंय आणि काढल्यावर काय होतंय.

दिवाळीच्या आसपासच सगळीकडं बरगे घालायचं काम निघतं, गावाच्या जवळ बंधारा असेल तर लांबनं का होईना दाखवा.

पंचगंगाकाठ

दादा, हे फारच छान, मी नक्की करणार. आणि यातून पुस्तकाकडं परत यायची वाटपण दिसली. पुस्तकातल्या धरणाच्या पानावर भिंतीच्या वर भरलेलं पाणी आहे आणि खाली एक बाई कोरड्या पात्रात दगडावर कपडे धुतेय. बंधारा करून झाल्यावर ते पान परत उघडायचं. अलीकडं पाणी, पलीकडं नाही, हे त्यांनी हातानं केलेलं असेल तर त्या बाईबद्दल पोरं काय बोलतील ते मला ऐकायचंय.

वाडीची_लेक

मी शिरोळ तालुक्यातली. नृसिंहवाडीच्या जवळ माझी शाळा, जिथं तुमची पंचगंगा कृष्णेला येऊन मिळते. सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण नदीचं पुस्तक आमच्याकडं उघडलं की पूर येतोच आणि त्याच्याबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या दुसरीतल्या पोरांना २०१९ चा किंवा २०२१ चा पूर स्वतःला असा आठवत नाही. पण घरात त्याची बोलणी रोज आहेत. कुणाचं घर पडलं, कुणाची जनावरं गेली, कुणाचे बाबा अजून त्या कर्जात आहेत. असं पोरगं वर्गात बसलेलं असताना 'पूर आला तर तू काय करशील, चला नाटक करूया' हे मला चालत नाही. मी एका प्रशिक्षणात एक उपक्रम पाहिला, 'घर सोडताना तुम्ही कुठली एक वस्तू न्याल?' वरून फार भावपूर्ण वाटतो. पण ज्याच्या घरातलं सगळं गेलंय त्याला हा खेळ वाटणार आहे का? त्याला उत्तर माहिती आहे, काही नेता आलं नव्हतं.

मी काय करते ते सांगते. आमच्या पुस्तकात पुराचं पान आलं की मी तिथं थांबते आणि विचारते, इथं कोण कोण मदतीला आलंय, शोधा. बोट, दोरी, गच्चीवर चूल मांडलेली बाई, बैलांना सोडवून उंचावर नेणारा म्हातारा. जे चित्रात आहे तेवढंच. ज्याला स्वतःचं सांगायचंय तो सांगतो, त्याला कुणी अडवत नाही, आणि ज्याला नाही सांगायचं त्याच्याकडं कुणी बघत नाही. मागं एका मुलानं सबंध तासात एक अक्षर काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वहीत त्यानं आमच्याच शाळेचं चित्र काढून आणलं, वर्गात चटया, दोरीवर कपडे, दारात म्हैस. शाळा निवारा केंद्र होती तेव्हाचं. फळ्यावर खडूनं लिहिलेली जेवणाची यादीसुद्धा होती, भात आमटी. घरच्यांनी सांगितलेलं त्यानं काढलं होतं. मी 'छान' एवढंच म्हणाले आणि ते चित्र पुस्तकाच्या त्या पानाशेजारी लावलं. त्यानंतर तो बोलायला लागला.

खडूफळा

वाडीची लेक, तुमचं अगदी पटलं. एक प्रश्न मात्र आहे. पुराबद्दल अजिबात न बोलणंही बरोबर नाही ना? पोरं मोठ्यांच्या बोलण्यातून अर्धवट ऐकतात आणि घाबरतात. आमच्या वर्गात ढग भरून आले की काही पोरं दप्तर भरायला लागतात. त्यांना थोडं नीट समजलं तर भीती कमी होईल असं मला वाटतं.

मी गणिताचा माणूस, मला एक सुचलं. पावसाळ्यात रोज मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी येते, पोरांच्या घरात ती रोज बोलली जाते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. पण ४३ फूट म्हणजे किती हे किती पोरांना माहितीय? ४३ फुटांची सुतळी घ्यायची आणि मैदानात सरळ अंथरायची. फूटपट्टीनं पोरांनीच मोजायची, एकेक फुटाला गाठ, दहाव्या, विसाव्या, तिसाव्या गाठीला रंगीत चिंधी, ३९ ला पिवळी आणि ४३ ला तांबडी. दशक-एकक तिथंच झालं. मग पेपरात आलेला आकडा सुतळीवर दाखवायचा. आज २६ फूट, म्हणजे पिवळ्या चिंधीला अजून किती गाठी बाकी? वजाबाकी. आणि रोजचा आकडा तक्त्यावर मांडला की वाढतंय की उतरतंय हे पोरगं स्वतः सांगतं. आता पावसाळा सरलाय म्हणून उतरतंच दिसेल, तेपण चांगलंच. भीतीच्या जागी आकडा आला की मन जरा ताळ्यावर येतं, हा माझा मोठ्या माणसांचा अनुभव आहे, पोरांवर करून बघतो.

वाडीची_लेक

सर, बोलू नका असं माझं म्हणणंच नाही. ओढून बोलायला लावू नका एवढंच. तुमची सुतळी मला फार आवडली कारण तिथं कुणाचं घर मधे येत नाही. एक जोडते. ती सुतळी जमिनीवर पसरलेली असते, तर पोरांना वाटू शकतं की शाळेच्या दारात ४३ फूट पाणी येतं. पातळी नदीच्या तळाकडून मोजतात, आपल्या अंगणापासून नाही, हे आधीच सांगा, नाहीतर भीती वाढेल. चर खणून नाहीतर बादलीत पट्टी उभी धरून दाखवलं की कळतं.

दोन_शिक्षकी

हा मुद्दा फार महत्त्वाचा, मी वहीत लिहून घेतला.

माझ्याकडचं एक, आजीची मुलाखत. आमच्याकडं पूर नसतो, आमच्याकडं नदी सुरू होते. कासारीचं पाणी आमच्या डोंगरातलं. पोरांनी घरी जाऊन विचारायचं, तुम्ही लहान असताना पाणी कुठनं आणायचा, कुठला झरा आता आटला, नदीत कुठले मासे मिळायचे. एका आज्जींनी सात-आठ माशांची नावं सांगितली त्यातली मलासुद्धा निम्मी नवीन होती. मग पुस्तकातल्या झऱ्याच्या पानावर मासे आहेत का ते पोरांनी भिंग घेऊन शोधलं. नव्हते. तर त्यांनी पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर मासे काढून त्या पानावर ठेवले, आज्जीनं सांगितलेले. पान तसंच राहिलं आणि मासे पण आले.

पंचगंगाकाठ

या सगळ्यावरून मला नकाशाचं सुचलंय, ते मांडते, चूकभूल असेल तर सांगा. मैदानात चार जुन्या साड्या, चार वेगळ्या रंगांच्या, भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी. भोगावतीच्या वरच्या टोकाला राधानगरीचं धरण म्हणून एक परात (शाहू महाराजांनी हे धरण सुरू केलं हे तिथंच सांगायचं), कुंभीच्या टोकाला गगनबावडा, कासारीच्या टोकाला विशाळगडाचा डोंगर. तुळशी आधी भोगावतीला मिळते म्हणून तिची गाठ अलीकडं. शेवटी प्रयाग चिखलीला सगळ्या साड्या एकत्र आणि तिथून पुढं पंचगंगा म्हणून एक मोठी नऊवारी. मग पोरं विचारणारच, बाई नदी चारच झाल्या, पंचगंगा कशी? पाचवी सरस्वती गुप्त मानतात. तिथं जागा मोकळी सोडायची, पोरं आपापलं ठरवतील ती कुठून येते.

नऊवारीच्या खालच्या टोकाला नृसिंहवाडी, म्हणजे वाडीच्या लेकीची शाळा. तिथं कृष्णा. आणि पुस्तकाचं शेवटचं पान समुद्र. आता इथं खरी मजा आहे, आमची पोरं गणपतीपुळ्याला जाऊन आलेली असतात त्यामुळं सगळ्यांची खात्री असते की आपली नदी घाट उतरून तिकडं जाते. समुद्र तिकडं एवढा जवळ, आणि पाणी मात्र पाठ फिरवून पूर्वेला कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत थेट बंगालच्या उपसागराला. मैदान संपेल, साडी संपेल, पोरांना गेटच्या बाहेर पळावं लागेल एवढं लांब. पळू देत.

प्रत्येकानं आपलं गाव, मामाचं गाव कागदावर लिहून साडीच्या काठाला ठेवायचं.

पालक_राजारामपुरी

मी आई म्हणून लिहितेय. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते, तिथं असे उपक्रम होतात पण ते सगळे छापील, फुलपाखराला रंग भरा, ठिपके जोडा, आणि त्याचे पैसे वेगळे. इथं वाचलेलं एकही काम पैशाचं नाही हे बघून आश्चर्य वाटलं. आम्ही घरी करू शकतो असं काही आहे का? दोनच मुलं आहेत, ती आणि शेजारचा.

अंगणवाडी_ताई

का न्हाई! पुस्तक करा की. चार कोरे कागद मधोमध दुमडायचे, घडीवर तीन भोकं, गोधडीच्या सुईनं मधल्या भोकातनं आत, वरच्यातनं बाहेर, खालच्यातनं परत आत, मधल्यातनं बाहेर, आणि मधे गाठ. झालं सोळा पानी पुस्तक. पहिल्या पानावर स्वयंपाकघरातला नळ काढायचा आणि त्याच्या मागं मागं जायचं, टाकी, पाइप, नदी, वर वर डोंगरापर्यंत. पुस्तकातली मुलगी खाली गेली, तुमची वर जाऊ दे. आणि दोघांनी मिळून एकच पुस्तक करायचं, डावं पान एकाचं, उजवं दुसरीचं, म्हणजे नदी एका पानावरनं दुसऱ्या पानावर जाताना दोघांना बोलावंच लागतंय.

मातीचे_रंग

ताई, हे डाव्या-उजव्या पानाचं मी हायस्कूलला करणार. फार सुंदर.

कुणीतरी लीलाताई पाटलांचं नाव काढायला हवं होतं म्हणून मीच काढतो. १९८५ साली त्यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, पोरांनी हातानं करून, बाहेर जाऊन, आनंदानं शिकावं म्हणून. आपण इथं बोलतोय ते आपल्या गावात आधीच झालेलं आहे, त्यांची पुस्तकं नव्या शिक्षकांनी मिळवून वाचावीत.

बरगे_आणि_पाणी

एक काळजीचं सांगायचं राहिलं. नदीवर न्यायचं असेल तर पोरांना पाण्यात उतरू देऊ नका, घाटाच्या वरच्या पायरीवरनंच बघायचं. बरगे घातल्यावर वरच्या अंगाला पाणी शांत दिसतं पण खोल असतं, आणि बंधाऱ्याच्या खाली भोवरा असतो. बंधाऱ्यावरनं पोरांना चालवत अजिबात न्यायचं नाही. दोरीला गाठी मारून प्रत्येक गाठीला एक पोरगं असं धरून न्या, आणि गावातला पोहणारा एखादा माणूस बरोबर घ्या, कोण नाही म्हणत नाही.

पंचगंगाकाठ

दादा, बरोबर, आम्ही पुलावरच्या फुटपाथवरून बघणार, तिथं कठडा उंच आहे, आणि दोन पालक सोबत येणार आहेत.

तर माझं असं ठरलंय. पहिले दोन दिवस नुसतं चित्र, मग आवाजासकट वाचन आणि चिठ्ठ्या. शनिवारी दप्तर नसतं तेव्हा बंधारा आणि साड्या, पण दोन्ही एका शनिवारी नाही, पोरं दमतात. मातीच्या रंगांसाठी डिंक लागेल, तो कुठल्या दुकानात चांगला मिळतो मातीचे रंग सर? आणि खडूफळा सर, तुमची सुतळी करून झाली की तक्ता कसा आखलात ते इथं टाका.

मातीचे_रंग

किराणा दुकानातला लाडवाचा डिंक घेऊ नका, महाग पडतो. काष्ठौषधीच्या (जडीबुटीच्या) दुकानात बाभळीचा मिळतो, नाहीतर शेताच्या बांधावर बाभळ असेल तर पोरांनाच खोडावरचे खडे गोळा करायला सांगा, काटे सांभाळून. पाव किलोत अख्खा वर्ग होतो.

खडूफळा

तक्ता टाकतो. सोमवारी सुतळी घेऊन जातोय. आठ-आठचा गट आणि पुस्तकपण घेतो बरोबर.